एकसष्टावा मीटर

पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे लिफ्टला हिसका बसला. छोटासाच, चालता चालता पायरीचा अंदाज चुकावा तेवढा. पण आठव्या मजल्यावरच्या शेजारणीने तिचं कोपर घट्ट धरलं आणि "अगं बाई, तुटली की काय!" असं म्हणून वर पाहिलं, जणू छत उघडं असतं तर सगळा उलगडा झाला असता. ही शांतपणे म्हणाली, "काही नाही." "नक्की ना? तुम्ही त्या दोरांच्याच कंपनीत ना, म्हणून विचारलं हो." "काही नाही. दोर असा एकदम तुटत नसतो. एकेक तार तुटते, वर्षानुवर्षं. आणि ती आम्हाला आधी दिसते." शेजारणीने कोपर सोडलं, पण चेहऱ्यावरची भीती काही सोडली नाही. लोकांना भ्यायला आवडतं, हिला वाटलं. पोलादी तारांचे पीळ घालून केलेले चार दोर डोक्यावर आहेत, त्यातला एकटा दोर ही पेटी पेलेल, हे सांगून उपयोग नसतो. समजून घेण्यापेक्षा किंचाळणं सोपं. आरशाशेजारी काचेच्या चौकटीत तपासणीचं प्रमाणपत्र होतं आणि त्यावर बोटभर उंचीच्या पट्टीत निळी रेघ, दोराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जवळजवळ सपाट. दोरावरून एक चुंबकी उपकरण फिरवतात, तार तुटलेली असली की आकडा उसळतो, आकड्यांची रेघ होते. ती रेघ काढणारा प्रोग्राम हिचा. बारा वर्षं रोज सकाळी ती त्या रेघेकडे पाहत आली होती, लोक पाकिटातल्या मुलांच्या फोटोकडे पाहतात तशी. खाली तपासनिसाची सही होती. ती तिने कधी वाचली नव्हती.

ऑफिसात आज चार वाजता बैठक होती, आणि बैठकीचा विषय असा होता की हिने एकोणीस वर्षांपूर्वी एकटीने लिहिलेली चित्रं काढायची लायब्ररी, म्हणजे त्या रेघेमागचा कोड, आता फेकून द्यायची आणि बाजारात तयार मिळणारी एखादी घ्यायची. कुठली घ्यायची हे ठरवायचं हिनेच. माणसाला स्वतःचा खड्डा खणायला लावतात, आणि वर विचारतात फावडं कुठल्या कंपनीचं हवं. तीन उमेदवार होते. पहिल्याला ती मनात हत्ती म्हणायची. हजार लोकांनी मिळून लिहिलेला. त्याच्याकडे एक रेघ मागितली तर आधी रंगमंच बांधायचा, पडदा लावायचा, दिवे सोडायचे, आणि मग रेघ बाईसाहेबांसारखी प्रवेश करणार. दुसरा आरसा, नुसता चकचकाट. त्याची तऱ्हा अशी की प्रत्येक खिडकीच्या पोटात एक अख्खा ब्राउझर घालायचा आणि चित्र त्यात काढायचं. म्हणजे उंटावर बसून शेळ्या हाकायच्या, आणि उंटाचा चारा गिऱ्हाइकाने द्यायचा. तिसरा तर हसण्याच्याही लायकीचा नव्हता. कुणा एका निवृत्त गृहस्थाने घरी बसून लिहिलेला, पहिल्याच पानावर हाताने काढलेलं बदक, आणि खाली लिहिलेलं, 'वरून शांत, खालून पाय मारतं.' ज्या माणसाला रेघेबद्दल काही सांगायचं असतं तो बदक काढत नाही, असं तिचं मत झालं होतं आणि ते तिने तीन मिनिटांत बनवलं होतं.

मत बनवायला तिला कधीच जास्त वेळ लागला नव्हता. टीमच्या प्रमुखाला ती मनात तक्ता म्हणायची, कारण त्याला भूक लागली तरी तो आधी रकाने आखेल असं तिला वाटे. या तिघांसाठीही त्याने तक्ता केला होता, हिरवा-पिवळा-लाल, आणि त्यात सगळ्यात जास्त गुणांचा रकाना होता, 'जुन्याशी जुळतं का?' हे वाचून तिला बरं वाटलं होतं आणि बरं वाटल्याचा राग आला होता. तक्ता म्हणाला होता, "मॅडम, तुमचं चित्र म्हणजे आमचं प्रमाण. नवं काहीही येऊ दे, रेघ मॅडमच्या रेघेवर बसली पाहिजे." याला रेघेतलं काय कळतं, हा विचार तिच्या मनात आला होता, पण मान मात्र तिने डोलावली होती.

सकाळी दहाच्या सुमारास चाचणीवाला कागदांची चळत घेऊन तिच्या टेबलाशी आला. चाळिशीचा, टक्कल पडलेला, सदा खोकल्यासारखं हसणारा. त्याचं काम चुका शोधण्याचं; पण दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता त्याला नम्रपणाची सवय लागली होती, आणि नम्र माणसाचं तिला कधी कौतुक वाटलं नव्हतं. "मॅडम, तिघांनी नापास व्हायचा कटच केलाय," तो म्हणाला. "आपली पहिली फाइल हो, ती कारखान्यातल्या माल चढवायच्या पाळण्याच्या दोराची, एकशे ऐंशी मीटरची. चाचणीला आपण नेहमी तीच घेतो. तर एकसष्टाव्या मीटरला तिघंही काटा दाखवतात, रेघ एकदम वर उसळते. जुन्यात काटा नाही. म्हणजे गडबड नव्यात."

"तिघांतही तीच गडबड?"

"तेच तर! म्हणून म्हटलं ना, कट." तो हसला, खोकला. "पण उपाय सापडलाय. हत्तीत, म्हणजे त्या मोठ्यात, एक बटण आहे, रेघ गुळगुळीत करायचं. ते दाबलं की काटा जातो. आरशातही जातो. फक्त ते बदकवालं आडमुठं आहे, त्यात असलं काही नाहीच. म्हणून बदक बाद केलं. सही करता का?"

त्याने नेमकं तिचंच टोपणनाव वापरलं, म्हणजे ते कधीतरी तिच्याच तोंडून निसटलं असणार, हे तिला खटकायला हवं होतं, पण ती एकसष्ट या आकड्यापाशीच थांबली होती. आकड्याला वास नसतो. याला होता, वंगणाचा, काळ्या, जुन्या वंगणाचा. कारखान्याची उंच शेड, वर पत्र्यांतून पडणारे उजेडाचे चौकोन, आणि दोराशी उभा म्हातारा तपासनीस, ज्याला सगळे चिंधीमास्तर म्हणायचे. तो चिंधी घेऊन दोर तपासायचा. हातात सुती कापडाचा तुकडा, तो दोराभोवती सैल धरायचा आणि दोर हळूहळू पुढे सरकवायला सांगायचा; कुठे तार तुटून कुसळासारखी बाहेर आली असेल तर कापड अडकायचं. मग तो खडूने खूण करायचा. एवढंच त्याचं शास्त्र. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती, उपकरण नवं होतं, प्रोग्राम नवा होता, आणि एकशे ऐंशी मीटरचा दोर तिने पडद्यावर एका सेकंदाच्या आत उभा केला होता. तिच्या कंपनीचे मालक, मालकाचे मेहुणे, कारखान्याचे दोन इंजिनीयर, सगळे तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होते. रेघ सपाट. तेवढ्यात मास्तर शेडच्या त्या टोकाकडून आला, हात पुसत. "बाई, एकसष्टाव्या मीटरला चिंधी अडकते. दोनदा फिरवून पाहिली." तिने पडद्यावर एकसष्टावर बोट ठेवलं. तिथे काही नव्हतं. "मास्तर, इथे दोन-दोन मिलिमीटरवर मोजलंय. नव्वद हजार आकडे आहेत. तुमच्या चिंधीत किती धागे आहेत?" सगळे हसले. मालकाचे मेहुणे जरा जास्तच हसले. मास्तर म्हणाला, "धागे मोजले नाहीत बाई. पण अडकते." आणि ती म्हणाली, अजून शब्द न् शब्द आठवतो, "वंगण पुसून घ्या आधी. कापड घाणीला अडकतं, तुम्हाला तार वाटते." त्याने चिंधीची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि खिशात ठेवली. अहवालात पडद्यावर दिसेल तेच लिहायचं असा नियम त्याच दिवशी झाला होता. त्याने सही केली, महिनाभराने काम सोडलं. त्या दोराचं पुढे काही झालं नाही. दोन वर्षांनी मुदत भरल्यावर बदलला गेला. काही झालं नाही, हा गेली एकोणीस वर्षं तिच्या बाजूचा पुरावा होता.

चाचणीवाल्याला तिने "ठेवून जा" म्हटलं. तो गेल्यावर तिने चित्र बाजूला ठेवलं आणि मूळ फाइल उघडली, नुसते आकडे. चित्रावर विश्वास ठेवणाऱ्यांचं जग वेगळं, आकडे वाचणाऱ्यांचं वेगळं, असं ती म्हणत आली होती. पण ही फाइल तिने आकड्यांत कधी वाचली नव्हती. तीस हजार सहाशेवा आकडा, साधा. सहाशे दहा, वीस, चाळीस, साधे. सहाशे एकावन्नला उडी. सत्तावन्नपर्यंत सात आकडे, उंच, ताठ, सुबक. मग पुन्हा साधे. सात आकडे म्हणजे चौदा मिलिमीटर, म्हणजे एक तुटलेली तार, कदाचित दोन. मग तिने आपला कोड उघडला. शोधावं लागलं नाही. ओळ कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, जसं जुन्या घरात दिव्याचं बटण कुठे आहे ते अंधारातही हाताला ठाऊक असतं. पडदा हजार ठिपक्यांचा, आकडे नव्वद हजार. सगळे काढायला त्या काळच्या यंत्राला अकरा सेकंद लागत. म्हणून तिने प्रत्येक नव्वदावा आकडा घेतला होता. तीस हजार सहाशेवा घेतला. मग तीस हजार सहाशे नव्वदावा घेतला. मधे काय आहे ते पाहिलंच नाही. ओळीशेजारी तिनेच लिहिलेली टीप होती: 'दोर मधेमधे फारसा बदलत नाही.'

ती हसली. मोठ्याने नव्हे. नमुने किती जवळजवळ घ्यावेत याचा नियम तिने कॉलेजात सिद्ध करून दाखवला होता, पैकीच्या पैकी गुण मिळवले होते, पुढे दोन वर्षं शिकवलासुद्धा होता. आणि स्वतःची चाचणी तिने कशावर घेतली होती? एका गोल, गुबगुबीत लाटेवर, जिच्यातला नव्वदावाच काय, दोनशेवा आकडा घेतला तरी ती लाटच दिसेल. पुढे पडदे मोठे झाले, नव्वदचे पंचेचाळीस झाले, बस. एकच काटा असेल तर तो रेघेत दिसायची शक्यता तेरात एक, नव्या पडद्यांवर फार तर सहा-सातात एक. पंधरा-वीस तारा एकत्र तुटून मीटरभर पसरल्या असतील तर दिसत. म्हणूनच कुणाला संशय आला नाही. तिचा प्रोग्राम आंधळा नव्हता, तिरळा होता. तपासनिसाने चित्र मोठं करून पाहिलं तर काटा दिसला असता, पण मोठं तो तिथेच करणार जिथे आधी काहीतरी दिसेल. हेही तिनेच शिकवलं होतं, मार्गदर्शिकेत, पान सहा: 'सपाट भाग मोठा करून पाहण्यात वेळ घालवू नये.'

आईचा हात तिला आठवला, का ते कळलं नाही. कळलं, पण उशिरा. लहानपणी आई कपाळाला हाताची पालथी बाजू लावायची आणि म्हणायची, ताप आहे. वडील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, ते थर्मामीटर काढायचे, अर्धं मिनिट धरायचे, उजेडाकडे करून वाचायचे आणि म्हणायचे, "नाहीये. हात काय उपकरण आहे?" मुलगी वडिलांबरोबर हसायची. आई मात्र शाळेत पाठवायची नाही. संध्याकाळपर्यंत ताप चढलेला असायचा आणि वडील म्हणायचे, आता चढला. अर्धं मिनिट. थर्मामीटर तीन मिनिटं धरायला हवा हे पाकिटावर छापलेलं होतं. वडिलांना घाई होती असं नाही. त्यांना उत्तर आधीच माहीत होतं. तुच्छता ही काही भावना नाही, हिला आज पहिल्यांदा वाटलं. ती वेळ वाचवायची युक्ती आहे. मधलं पाहावं लागत नाही.

आता करायचं काय, हा प्रश्न तसा सोपा होता आणि म्हणूनच किळसवाणा. बटण दाबून हत्ती घेतला तर काटा पुन्हा गुळगुळीत होणार, रेघ तिच्या रेघेवर बसणार, तक्ता हिरवा. बटण न दाबता घेतला तर सगळे म्हणणार, वा, नवं जास्त स्पष्ट दिसतं, आणि जुन्याबद्दल कुणी विचारणार नाही. दोन्हीत ती सुरक्षित. पण जुन्या रेघा पाहून पास केलेले दोर या क्षणी कुठे कुठे लटकत होते, माणसांना वर नेत होते, खाली आणत होते, हिसके देत होते. एकशे चाळीस तपासनीस हा प्रोग्राम वापरत. त्यांना पत्र जायचं तर ते तक्त्याच्या संमतीने, मालकाच्या नजरेखालून, शब्दांना इस्त्री करून जायचं. म्हणजे पुढच्या महिन्यात. तिने पत्र लिहिलं. सहा ओळी. पहिली ओळ तिने तीनदा खोडली, कारण ती 'असे निदर्शनास आले आहे की' अशी सुरू होत होती, आणि निदर्शनास आपोआप काही येत नसतं. शेवटी लिहिलं: 'पूर्ण दोर दाखवणारं चित्र एकटी तुटलेली तार बहुतेक वेळा दाखवत नाही. चूक मी लिहिलेल्या कोडची आहे, उपकरणाची नाही. जे दोर अजून वापरात आहेत त्यांच्या फाइली उघडून मीटर-मीटरचे भाग मोठे करून पुन्हा पाहा. सपाट भागसुद्धा. पान सहा विसरा.' खाली आपलं पूर्ण नाव. अकरा चाळीसला तिने ते पाठवलं आणि तास-दीड तास बदकाचा कोड वाचत बसली. निवृत्त गृहस्थाने पडद्याच्या प्रत्येक उभ्या पट्टीत किती आकडे येतात ते पाहून त्यातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा शोधला होता आणि त्या दोहोंमधे रेघ ओढली होती. काटा कितीही बारीक असो, सुटत नव्हता. चाळीस ओळींचं काम. शेजारी टीप होती: 'टोकं महत्त्वाची. मधलं आपलं आपण सांभाळतं.' तिला तो माणूस आवडला, आणि सवयीने थोडा रागही आला.

चार वाजता तक्ता उभाच होता. "मॅडम, पत्र पाठवण्याआधी विचारायचं तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही त्याचाही तक्ता केला असता."

"मालकांचे तीन फोन येऊन गेले. आपण हे नव्या आवृत्तीतली सुधारणा म्हणून सांगू शकलो असतो. सुधारणा! चूक कशाला म्हणायचं?"

"कारण ती चूक आहे."

"अहो, पण तेव्हाची मशीनं तशी होती, मॅडम," चाचणीवाला मधे पडला, समजूत घालायच्या सुरात. "तुमचा काय दोष?" त्याच्या आवाजात खरीखुरी दया होती. अपमान तिने पचवला असता. ही दया पचली नाही.

"दोष काढायचं काम तुमचं आहे," ती म्हणाली. "तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत होते आणि तुम्ही तिघांची तोंडं बंद करायचं बटण शोधलंत. का? तर मी म्हणते म्हणून. मी कोण?" तिने तक्त्यात बदकापुढे बरोबरची खूण केली. "हे घ्या. याला गुळगुळीत करता येत नाही."

"त्याच्या पानावर बदक आहे, मॅडम," तक्ता म्हणाला. "मालकांना काय दाखवू?"

"बदक दाखवा."

टेबलाशी परत आली तेव्हा आठ उत्तरं आली होती. दोन नुसती 'पाहतो'. एकाने विचारलं होतं, जादा वेळ कोण धरणार. बाकी पाच एकाच हाताने लिहिल्यासारखी. त्यातलं सगळ्यात लांब एका बंदरावरच्या तपासनिसाचं होतं. 'बाई, काळजी नसावी. आम्ही दोर चिंधीनेच बघतो. काम सोडल्यावर मास्तरांनी आम्हा पाच-पंचवीस जणांना शिकवलं, जाईपर्यंत शिकवत होते. चिंधी अडकली की तेवढा भाग मोठा करतो, काटा असतोच. पूर्ण दोराचं चित्र अहवालाला जोडायला लागतं म्हणून जोडतो, बघत कुणी नाही. मास्तर म्हणायचे, ते चित्र साहेबांसाठी, चिंधी दोरासाठी. नवी मंडळी मात्र नुसतीच स्क्रीन बघतात, त्यांचं सांगता येत नाही. तुमचं चित्र दिसतं छान.'

तिने ते दोनदा वाचलं. एकोणीस वर्षं ती ज्यांना मनातल्या मनात हसत आली होती, ती माणसं एकोणीस वर्षं तिला हसत होती. आणि त्यांचं हसणं दोर धरून होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलंही, आणि त्याच वेळी आपण कुठेच नव्हतो असंही वाटलं. पाच-पंचवीस जणांचं एक झालं. एकशे चाळीसातले उरलेले एकशे पंधरा. कोण कुठला हे ठाऊक नव्हतं, म्हणून ती सगळी यादीच काढून बसली, एकेकाला फोन लावत. सहा वाजेपर्यंत बावीस झाले. चिंधी म्हणजे काय, हे त्यातल्या सतरा जणांना सांगावं लागलं. "सुती कापड. दोराभोवती सैल धरायचं," ती सांगत होती, त्याच नेमक्या आवाजात ज्या आवाजात तिने एकदा धागे मोजायला सांगितले होते.

घरी आली तेव्हा शेजारीण लिफ्टचं दार पायाने अडवून उभी होती, दोन्ही हातांत पिशव्या. "या, या, थांबवलीय तुमच्यासाठी." ही आत गेली नाही. दारातूनच वाकून आरशाशेजारची चौकट वाचली. निळी रेघ नव्हे, खालची सही. नाव तिला माहीत नव्हतं. पाचात नव्हतं, बावीसातही नव्हतं.

"काय हो, ठीक आहे ना सगळं?" शेजारीण म्हणाली. "सकाळी मी किती घाबरले होते! पण तुम्ही म्हणालात काही नाही, म्हणून मग मी सगळ्या मजल्यांवर सांगून टाकलं, काही नाही म्हणून. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू तर जिन्याने जायचं म्हणत होत्या, त्यांनाही म्हटलं, अहो, त्या स्वतः म्हणाल्या."

"मी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सकाळी. मी न पाहताच म्हणाले." तिने हात पुढे केला आणि शेजारणीच्या एका हातातली पिशवी घेतली. "चला. आधी दुसऱ्या मजल्यावर थांबू. जिन्याने."